एका रुग्णाला एक पास

बाबांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले, त्या दिवशी प्रेमा सिस्टरनी मला वॉर्डच्या दाराशीच थांबवून नियम सांगितले. भेट चार ते सहा. एका रुग्णाला एकच पास. तोंडावर पदर हवा. खाटेवर बसायचं नाही. इथलं भांडं, इथलं फळ घरी न्यायचं नाही.

"घरी लहान कोण?"

"मुलगी. दोन वर्षांची."

"मग तुम्ही कशाला येता? दुसरं कोणी नाही?"

माणसं होती. गिरणी सुटल्यापासून बाबा घाटकोपरला आमच्याच खोलीत राहत होते आणि अर्धी चाळ आमच्या गावची. पण सगळ्यांना आम्ही निमोनिया सांगितला होता. टीबी म्हटलं असतं तर शुभाजवळ कुणी आपलं पोर बसू दिलं नसतं.

शुभा दोन महिने बाबांच्या ताटातला पहिला घास खात आली होती. बाबा खोकत, पाणी पीत आणि तिला भरवत. आता ती झोपली की मी तिच्या छातीला कान लावून बसे. ती एकदा खोकली तरी मी दिवा लावून तिच्याकडे बघत राही. डॉक्टर म्हणाले होते, थांबून बघू, महिन्याने तिच्या छातीचा फोटो काढू. तो महिना कसा काढायचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

मंगळवारी बाबांनी मोसंबं सोललं. अर्ध्या फोडी स्वतः खाल्ल्या आणि उरलेल्या त्याच हाताने माझ्यापुढे केल्या.

"ह्यां चेडवाक दी. शुभाक."

नाही म्हणणं मला जमलं नाही. फोडी रुमालात बांधल्या, पायऱ्या उतरले आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या पिंपात रुमालासकट टाकल्या. नळावर कोपरापर्यंत हात धुतले. मान वर केली तेव्हा ध्यानात आलं, बाबांच्या खाटेजवळची खिडकी फाटकाच्या बरोबर वर होती. खिडकीत कोणी दिसलं नाही.

बुधवारी त्यांनी विचारलं, "खाल्ल्यान?"

"खाल्लं. आवडलं तिला."

"बरां," ते म्हणाले आणि कूस बदलली.

त्या दिवशी शेजारचे सहदेवकाका माझ्याबरोबर आले होते. पास एकच, म्हणून पाच वाजता मी बाहेर आले आणि पास त्यांच्या हातात दिला. सगळे असंच करत. वॉर्डाबाहेरची 'क्षयरोग विभाग' ही पाटी काका वाचणार, हे मला आधी सुचलंच नव्हतं. मी फाटकाशी उभी राहून घाबरत होते. आता चाळीत कळणार.

सहाला ते खाली आले. पाटीबद्दल चकार शब्द नाही. पासही परत दिला नाही. मी मागितला तर म्हणाले, "असू दे गं माझ्याकडे."

गुरुवारी चारला मी फाटकावर पोचले, तर वॉचमन म्हणाला, "पास आत गेला बाई."

शुक्रवारी तेच. शनिवारी मी काकांना जिन्यातच गाठलं.

"काका, पास द्या. बाप माझा आहे."

"तुझ्या बापानंच घेतलाय माझ्याकडून शब्द. 'माझ्या चेडवाक हंय येवक देऊ नको, तिचा पोर लहान आसा.' वर म्हणतो कसा, 'ती तोंडान नाय म्हणूची नाय. ती मोसंबा टाकता.'"

मी कठडा धरला.

"रागावले होते?"

"हसत होता गं. म्हणाला, शाणी आसा."

"आणि तुमच्या घरी पोरं नाहीत?"

"माझी पोरं गावाक," काका म्हणाले. "आणि चाळीत मी निमोनियाच सांगितलाय. जा, वरण उतू जाईल."

मी भांडायला हवं होतं. घरात येऊन वरण उतरवलं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या सुटकेची भीती शुभाच्या खोकल्याहून मोठी होती. रविवारी मी गेलेच नाही.

सोमवारी दुपारी इस्पितळातून निरोप आला. सहदेवकाका कामावर होते. मी एकटीच धावत गेले. फाटकाशी सवयीने पर्स उघडली, तर वॉचमन बाजूला झाला.

"आता पास नको बाई. जा वर."

बाबांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. वॉर्डच्या दारात पाऊल टाकताना माझाही पदर आपोआप तोंडावर गेला होता. तो खाली घेण्याचं धैर्य मला शेवटपर्यंत झालं नाही.