ज्यात काही न्हाई ती भाजी

आमच्या चुलीवर रोज दोन भाज्या शिजतात. सुनेला शेवग्याचा पाला आन् नवऱ्याला दुधी. दोघंबी ताटाकडं बघून तोंड वाकडं करतात, आन् मी दोघांवर ओरडते. झालं जेवान.

हे दवाखान्यातल्या आहारवाल्या पोरीनं ठरवून दिलंय. ती म्हनली, "काकू, शेवग्याच्या पाल्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे, सगळं भरपूर. दुधीत त्यामानाने काहीच नाही, नुसतं पाणी. म्हणून हन्नाला शेवगा द्या, तिच्या अंगात रक्त कमी आहे, बाळंतपण जवळ आलंय. आणि काकांना दुधी." मी म्हनलं, अगं बाई, आजारी मानसालाच रिकामी भाजी? तर म्हनली, किडन्या गेल्यात, डायलिसिस चालूय, जास्तीचं पोटॅशियम अंगातनं बाहेर पडत न्हाई. वाढलं तर काळीज बंद पडंल. आता बोला! जलमभर ज्याला चांगलं म्हनून वाढलं, तेच ह्यांना इख झालं.

मग काय, दुधी उकडायचा, पानी फेकायचं, मीठ जवळजवळ न्हाईच. ते पानी मोरीत ओतताना जीव तुटतो माझा. तिकडं हन्नाला पाल्याचा वास आला की उलटी. माझा पोरगा अँड्र्यू पुण्याला कामावर, फोनवरनं विचारतो, "मम्मी, हन्ना खाती ना?" खाती बाबा, म्हनायचं. कंटाळा आलाय मला, खरं सांगते.

आन् एवढं करून मागल्या आठवड्यात डॉक्टर माझ्यावरच खेकसला. ह्यांचं पोटॅशियम वाढलेलं, हन्नाचं रक्त आनखी उतरलेलं. "तुम्ही घरी खायला देता तरी काय?" असं चारचौघांत विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन दुधी दोनदा उकडला, पाला वाटीभर वाढवला, आन् जेवनाआधीची प्रार्थना लांबवली. डोळे मिटून मागायचे, प्रभू, ह्यांचं पोटॅशियम उतरू दे, पोरीचं रक्त वाढू दे.

काल प्रार्थना चालू असताना दुधाचा वास आला. उतू गेलं का काय म्हनून एक डोळा उघडला, तर ह्या दोघांची ताटं हवेत! हिचं ह्यांच्याकडं, ह्यांचं हिच्याकडं. आवाज न्हाई, काय न्हाई. किती सराईत हात बाई! मी देवाकडं ह्यांच्यासाठी मागतीय, आन् हे तेवढ्यात उरकून घेत्यात.

"मुडदा बशिवला तुमचा!" तोंडातनं गेलं आन् माझाच जीव चरकला.

हन्ना रडाया लागली. "मम्मी, मला न्हाई उतरत घशाखाली. पप्पा म्हनले, आन इकडं."

हे म्हनले, "पोरीला उलट्या व्हत्यात, दुधी तरी पोटात ऱ्हातो तिच्या. आन् मला जरा चव लागती. एवढी वरडतीस कशाला?"

"मरताल तुमी त्यानं! आन् तिला बाळंतपनात काय झालं म्हंजे? मी कुनाकडं बघू?"

"एवढा घास खाऊ दे," म्हनले. तोंडावर आनंद हुता हो. कितीतरी महिन्यांनी ह्या मानसाला जेवनाचा आनंद झालेला बघितला मी, आन् त्यातच हात घालावा लागला.

मी ताट धरलं. त्यांनीबी धरलं. साखर कारखान्यात पोती पाठीवर वाहिलेला गडी, म्हनून मी सगळा जोर लावून वढलं. ताट असं सहज हातात आलं, की मीच मागं पडले आन् भाजी माझ्या साडीवर सांडली. ते आपल्या रिकाम्या हातांकडं बघत ऱ्हायले. एकदा भांडले असते, एक शिवी हासडली असती, तर मला बरं वाटलं असतं.