तात्यारावांच्या पाटीमागचं झाकण

"काका, तुमच्या दुकानातला कचरा विकत मिळेल का?"

विचारलं मी, पण हा प्रश्न माझा नव्हे. मंडईजवळच्या दुकानदार तात्यारावांना मी हे तोंडावर विचारूच शकणार नाही, अशी पूर्णिमाने मैत्रिणींसमोर पैज लावली होती. आठवीतल्या मला जमलंही नसतं. पण आता मी दहावीत आहे, आणि मला एका झाकणाची भयंकर गरज होती.

मी बालवाडीत असताना बबलगमसोबत क्रिकेटची कार्डं मिळायची. पोरांनी कार्डं जपली, वेष्टनं फेकली. मी ती वेष्टनं आणि खोकी जमवते. आमच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये एक अख्खी ट्रंक भरलीय. आता आम्ही विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये जाणार, म्हणून बाबांनी अट घातली होती: तुझ्याशिवाय जगात एका माणसाला जरी हे हवं असेल तर दाखव, नाहीतर रविवारी ट्रंक रद्दीत.

ऑर्कुटवर, जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर, बंगळूरचा आनंददादा भेटला. सॉफ्टवेअरवाला, लहानपण पुण्यात गेलेलं. त्याला बबलगमचं, दुकानदार काउंटरवर ठेवायचे ते मोठं खोकं हवं होतं, पण झाकणासकट. खोकं माझ्याकडे होतं, आई त्यात सुया-दोरे ठेवायची. झाकण मात्र दुकानदार पहिल्याच दिवशी काढून टाकायचे.

"कचरा आम्ही विकत नाही, टाकतो," तात्याराव वर न बघता म्हणाले.

पूर्णिमा मागे खिदळली. तेवढ्यात मला त्यांच्या डोक्यावरची पाटी दिसली. 'सुटे मागू नयेत. हे दुकान आहे, बँक नाही.' पुठ्ठ्याची कड वळली होती, आणि त्या कडेवर माझ्या खोक्यावरचीच लालपिवळी बॅट! पाटी झाकणाच्या मागच्या बाजूवर लिहिलेली होती.

"काका, मला ही पाटी हवीय."

"मग नवी कोण लिहिणार?"

मी लिहिली. तिथेच, स्केचपेनने. मजकूर त्यांनी सांगितला: 'रिकामी खोकी मागू नयेत.'

घरी झाकण खोक्यावर गच्च बसलं. सायबर कॅफेत जाऊन झाकणाच्या दोन्ही बाजू स्कॅन करून ग्रुपवर टाकल्या. तिथल्या एकाने लिहिलं, मागे खरडलंय, माल खराब. मी खचलेच. शनिवारी आनंददादाचं उत्तर आलं: 'याच पाटीखाली मी लहानपणी बोलणी खाल्लीत. विकतेस का? किंमत तू सांग.'

मी प्रिंट काढून बाबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि आईकडे सरकवली. आई म्हणाली, चला, माझ्या सुयांच्या डब्यालाही गिऱ्हाईक मिळालं. मग बाबांनी विचारलं, कधी पाठवतेस?

"पाठवत नाही," मी म्हणाले. "हवं असलेला माणूस दाखव, एवढीच तुमची अट होती. विक म्हणाला नव्हतात. जास्तीची वेष्टनं मी त्याला विकणार, आजच कळवते. पण असं पाटीवालं खोकं जगात एकच आहे. ते आणि ट्रंक, दोन्ही विश्रांतवाडीला येणार. आणि आई, सुयांसाठी दुसरा डबा बघ."