पाचव्या प्रकरणाची तिवई

दचकू नका हं, मी बोलतेय. दाराआडची घडीची तिवई. खरं तर दचकण्याचा मान माझा. कुणी धपकन बसलं की आजही माझ्या तिन्ही पायांत कापरं भरतं. पण आज मी भीत भीत का होईना, मिरवणार आहे. या खोलीतल्या बाई साध्या माणसांचा इतिहास लिहितात, आणि त्यांच्या पहिल्या पुस्तकात माझाही वाटा आहे. चुकीतसुद्धा.

मला बाईंच्या वडिलांनी घडवलं. ते सुतार. लेक संशोधनाला लागली तेव्हा म्हणाले, "लोकांकडे विचारपूस करायला जाशील, तर त्यांना उठवून त्यांच्या जागी बसू नकोस. आपली बैठक आपण न्यावी." बाईंनी ते तंतोतंत पाळलं.

विषय होता एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्री करणाऱ्या बायका. बाईंचे मार्गदर्शक सर हसले. "राजे संपले वाटतं? आता चादरींचा इतिहास!" बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या, पण हटल्या नाहीत. तीन वर्षं दर शुक्रवारी आम्ही तिथे हजर. वाफेचा फुस्स आवाज आला की मी दचके. बाई मात्र मान खाली घालून लिहीत. अकरा वह्या भरल्या.

पुस्तक आलं, गाजलं. पाचवं प्रकरण तर जो तो वाखाणी. या बायका दहा-दहा तास उभ्या असत, बसणं त्यांना कमीपणाचं वाटे, ताठ उभं राहणं हीच त्यांची ऐट, असं त्यात लिहिलं होतं. मीही फुगले. आता बाईंचं प्राध्यापकपद एका व्याख्यानावर येऊन ठेपलं होतं, आणि व्याख्यान याच प्रकरणावर.

आठवडाभर आधी आम्ही पुस्तक द्यायला त्याच बायकांपैकी 'कडक मावशीं'कडे गेलो. कपड्यांना खळ घालावी तर त्यांनीच, म्हणून हे नाव. त्यांच्या सुनेने ते प्रकरण मोठ्याने वाचलं. मावशींना हसू आवरेना.

"ऐट कसली गं ताई? बसायला होतं काय तिथे? बाकडं सोड, उलटी बादलीही ठेवू देत नव्हते. तीनदा अर्ज दिले आम्ही. मुकादम म्हणायचा, बसलात की पेंगाल."

"मग मला सांगितलं का नाही, मावशी?"

"तू विचारलंस कधी? यायचीस, आपली तिवई टाकायचीस, बसायचीस. तुला कसं दिसणार?" मावशींनी पोटरीवरच्या निळ्या गाठी दाखवल्या. "ही बघ माझी ऐट."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घरी येऊन बाईंनी अकराही वह्या चाळल्या. 'तुम्ही बसता कुठे?' हा प्रश्न एकदाही नव्हता.

सर म्हणाले, "वेडेपणा करू नकोस. आधी नेमणूक पदरात पाडून घे. चूक काय, पुढच्या आवृत्तीत गुपचूप सुधारता येईल." खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं.

व्याख्यानाच्या दिवशी बाईंनी मला व्यासपीठावर नेलं आणि सगळ्यांसमोर उलगडून ठेवलं. "माझं पाचवं प्रकरण चुकलंय. मी स्वतःची बैठक घेऊन जायचे, म्हणून तिथे बैठकच नाही हे मला दिसलं नाही." मग त्यांनी मावशींचं बोलणं शब्दही न बदलता वाचून दाखवलं. निवड समितीतले एक गृहस्थ उठूनच गेले. पद दुसऱ्याला मिळालं.

"सुताराची लेक, हट्टी!" सर पुटपुटले.

हट्टीच. बाईंनी इस्पितळाच्या जुन्या फायली उपसल्या आणि तिन्ही अर्ज शोधून काढले. प्रत्येकाखाली एकोणीस अंगठे. ते घेऊन गेलो तेव्हा बाईंनी मला मावशींपुढे ठेवलं. "आज तुम्ही बसा." मावशी दुपारभर बसून बोलल्या, बाई भिंतीला टेकून उभ्या उभ्या लिहीत राहिल्या. त्या दुपारी मी एकदाही करकरले नाही.

नवं पाचवं प्रकरण छापून आलं. प्राध्यापकपद यायला आणखी सहा वर्षं लागली, पण आलं. आता बाई निवृत्त झाल्यात. माझं कापड तिसऱ्यांदा बदललंय, एक पाय किंचित लंगडतो. तरी विद्यार्थिनी मला हक्काने मागून नेतात. उद्या एक जण कापडाच्या दुकानातल्या विक्रेत्या बायकांकडे नेणार आहे.

बाळांनो, मला जरूर न्या. फक्त पोचल्या पोचल्या उलगडू नका. थोडा वेळ त्यांच्यासारख्याच उभ्या राहा, पाय दुखू द्या. मग विचारा.