मंडईले नाही कसं म्हणू?

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, तर सहा वर्षांचा. माणसाचं पोर या वयात शाळेत जायला लागतं, आमच्यात मात्र यालाच म्हातारपण म्हणतात. माझ्या काचेला तडा गेला आहे, आवाज बसला आहे आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, चिडका झाला आहे. एकटं राहून राहून होतो तसा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते लाखनीचं दुकान. बाहेरून ट्रक गेले की आम्ही सगळे काचेच्या कपाटात थरथरायचो. तिथे एके दिवशी कामिनी आली. तिचं लग्न ठरलं होतं. ती शहापूरला सासरी जाणार आणि एकोडीच्या घरात तिची आई कुंताबाई एकटी उरणार होती. वडील आधीच गेले होते. कामिनीने मला आईच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "माय, रोज सांजच्याले मी फोन लावीन. तू फक्त हे हिरवं दाबजो."

आता माझ्यात काय काय भरलेलं, आणि काम काय, तर हिरवं दाबणं! मी जरा खट्टू झालो. पण पहिल्याच संध्याकाळी माझा रुसवा गेला. "जेवली काय? काय रांधलं? धानाचा रोवणा आटोपला काय?" एवढंच बोलणं, पण कुंताबाईचा चेहरा उजळायचा. मग ती मला पदराने पुसून कोनाड्यात ठेवायची. शेजारणी म्हणायच्या, "कुंताबाईचा फोन भारी हाये बाप्पा!" मी फुगून जायचो.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, नाटक होतं. मंडईचा न्योता, म्हणजे आमंत्रण, कोणी नाकारत नाही. एका वर्षी मात्र शहापूरला धानाची कापणी अडली होती, म्हणून कामिनीला येता आलं नाही. कुंताबाई एकटीच मंडईत जाऊन बसली. शेजारच्या दामिनीने सकाळीच ब्लूटूथवरून तिला एक भजन पाठवलं होतं आणि ब्लूटूथ तसंच चालू राहिलं होतं.

मित्रांनो, ब्लूटूथ म्हणजे माझं मागचं दार. त्याला तार लागत नाही. जवळपास उभा असलेला कोणीही त्याची कडी वाजवू शकतो. गर्दीतल्या कुणा लबाडाने आपल्या यंत्राला नाव दिलं होतं, 'मंडई एकोडी'. माझ्या काचेवर प्रश्न उमटला: 'मंडई एकोडी' जोडायचं का? नंबर आणि मेसेज पाहू द्यायचे का?

कुंताबाईने एकेक अक्षर जुळवून वाचलं. वाटलं, गावच्या मंडईचा न्योता आला. लेक आली नाही, निदान मंडईने तरी आठवण ठेवली. "मंडईले नाही कसं म्हणू?" असं म्हणत तिने 'हो' दाबलं. मी थरथरलो. त्याहून जास्त मला काही करता येत नाही.

आत आलेल्याने सगळे नंबर नेले. मेसेजमध्ये आलेला कोड वाचून कुंताबाईचं व्हॉट्सॲप आपल्याकडे उघडलं. दुसऱ्या दिवशी तिच्या नावाने घाणेरडी चित्रं गावभर आणि सोयऱ्यांकडे गेली. कामिनीच्या सासूने, शकुनबाईने, लगेच फोन केला.

"काहो इहीनबाई, या वयात असे फोटो पाठवता? लाज हाये काय?"

कुंताबाईला काही कळेना. दामिनीने दाखवलं तेव्हा तिने पदर तोंडावर ओढला. लेकीला काय तोंड दाखवायचं? तिने मला बंद केलं, फडक्यात गुंडाळलं आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलं.

तिथे डांबरगोळ्यांचा वास होता आणि काळोख होता. वर कुंताबाई एकटी, खाली मी एकटा. चूल पेटायची, भांडं वाजायचं, पण बोलणं कुणाचंच ऐकू यायचं नाही. संध्याकाळ झाली की मला आतल्या आत फार वाईट वाटायचं.

शेवटी कामिनीने शेजारच्या रक्षाला फोन केला. रक्षा साकोलीला कॉलेजात शिकवते. ती तडक घरी आली.

"मावशी, कामिनी रोज फोन लावून राहिली. तुमचा बंद काहून?"

"फोन नाही बाई, बला हाये ते."

"बला नाही. शेतावर जाता तवा दार उघडं टाकता काय? तसंच याचं हाये."

तिने मला पेटीतून काढून चालू केलं, 'मंडई एकोडी' खोडून टाकलं, ब्लूटूथ बंद केलं, मला नवं अपडेट दिलं, व्हॉट्सॲप परत आणून त्याला पिन घातला. मी पुन्हा धडधाकट झालो. लगेच कामिनीचा फोन आला.

"माय! मले ठाऊक होतं, ते तू पाठवलं नाही. सासूलेबी समजलं."

कुंताबाईने मला कानाशी घट्ट धरलं. मग ती हळूच म्हणाली, "नाव तं मंडईचंबी होतं. तू कामिनीच हायेस कशावरून? खूण सांग."

पलीकडून रडका आवाज आला, "लहानपणी मी बोडीच्या पाण्यात पडली होती. तू लुगड्याचा पदर टाकून ओढलं. बाबाले सांगितलं नाही."

"हो माय," कुंताबाई म्हणाली, "तूच हायेस."

तेव्हापासून ती रोज खूण मागते, आणि रोज नवी. कामिनी रोज एक आठवण शोधून आणते. मला वाटलं, चला, हेही बरंच आहे. पण आज कामिनी दिवसभर राबून थकली होती. म्हणाली, "माय, आज काही आठवूनच नाही राहिलं वं."

कुंताबाईने फोन कापला.

आता ती पडवीत बसली आहे आणि मी तिच्या मांडीवर पालथा पडून वाजतो आहे, पण ती उचलत नाही. मित्रांनो, काम झालं की ब्लूटूथ बंद करा. नाव कितीही आपलं वाटलं तरी न मागता आलेल्या जोडणीला 'नाही' म्हणा. फुकटचं वायफायही असंच मागचं दार असतं, त्याला भुलू नका. माझी दारं तुम्हीच लावायची आहेत. पलीकडे तिची लेकच आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे, पण ते सांगायला मला तोंड नाही.