उकंडकाकांची साक्ष

वर्षाराणीनं नोकरीच्या साइटवर मोठ्या कष्टानं प्रोफाइल उभं केलं होतं. कृषी पदविका, मेडशी गावात घरच्या शेतीत दोन वर्षं, आणि खाली एकच फोटो: ओल्या गोणपाटावर रांगेनं मांडलेले सोयाबीनचे शंभर दाणे. गोणपाट गुंडाळून ठेवायचं, काही दिवसांनी उघडायचं आणि किती उगवले ते मोजायचं. गावातल्या चाळीसेक घरांचं बियाणं तिनं असं तपासून दिलं होतं. तेवढ्यावर अकोल्याच्या एका बियाणे कंपनीनं प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मंगळवारी व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठेवली. वर्षभरातलं हे पहिलंच बोलावणं. आणि ही नोकरी हुकली तर दिवाळीनंतर लग्न, असं घरात ठरूनच गेलेलं.

पण तिची जीभ घसरली. "चार लोकांनी आपल्याबद्दल लिहिलं तर वजन पडते बाबा," असं ती वडिलांना बोलून बसली. झालं! शालिग्रामभाऊ म्हणजे एक सांगितलं की दहा करणारा माणूस. दोन दिवस पारावर ठाण मांडून त्यांनी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर त्या साइटचं खातं उघडून दिलं आणि लिहायला लावलं.

सोमवारी संध्याकाळी वर्षाराणीनं पाहिलं, तर फोटोखाली सदोतीस जणांनी लिहिलेलं. 'लाखात एक पोट्टी.' 'शिक्षनात पह्यली, भाकरीतबी पह्यली.' तिच्या आईनं, सोजरबाईनं, नुसती हात जोडल्याची सात चित्रं टाकली होती. हसावं की रडावं, तिला कळेना. मग तिनं शेवटचं वाचलं. ते शेजारच्या उकंडकाकांचं होतं, आणि उकंडकाका गेली दोन वर्षं या घराशी बोलत नव्हते.

'हे पोट्टी कोनाची भीड ठेवत नाही. माह्यं बियानं चार लोकात नापास केलं. शंभरात एकेचाळीसच उगवले म्हने. मी लय भांडलो, तं म्हने पुन्हा मोजते. पुन्हा मोजलं तं चाळीस.' खाली मोबाइल नंबरसुद्धा दिलेला.

"बाबा, उकंडकाकाले कायले लिहाले लावलं?" ती जवळजवळ ओरडलीच. "ते तं रुसून हायेत आपल्यावर!"

"म्हनूनच तं," म्हणत शालिग्रामभाऊ म्हशीकडे निघून गेले.

ती कमेंट काढायची कशी हे सापडेपर्यंत रेंज गेली, ती सकाळीच आली. आणि रेंजपाठोपाठ मुलाखतही आली.

स्क्रीनवर आलेल्या कंपनीच्या नितामॅडमनी पहिलंच वाक्य टाकलं, "तुमच्या त्या उकंडरावांना मी आज सकाळी फोन केला होता."

मनातल्या मनात वर्षाराणीनं अकोल्याच्या नोकरीवर पाणी सोडलं.

"पंधरा मिनिटं तुमची तक्रारच करत होते," मॅडम म्हणाल्या. "मी विचारलं, मग ते बियाणं पेरलं का? म्हणाले, नाही, दुसरं आणलं. म्हटलं, का हो? तर म्हणाले, तिनं सख्ख्या बापाचंही नापास केलं, मग माझं खोटं कसं म्हणू?" मॅडम हसल्या. "दाणे मोजणारे खूप येतात. कोणी डोळे वटारले तरी आकडा न फिरवणारं माणूस मला हवं आहे. एक तारखेला या."

कॉल बंद झाला तशी तिनं घरात बातमी सांगितली. सोजरबाई देवापुढे साखर ठेवायला धावली. शालिग्रामभाऊ मात्र काही झालंच नाही अशा थाटात तंबाखू मळत होते.

"अवं, सोयरीक जमवताना पोरीची चौकशी कराले लोक मामाच्या घरी जातेत काय? मामा तं गोडच सांगन. ज्याच्याशी भांडन हाये, त्याच्या घरी जातेत. त्याच्या तोंडून निघालं तं पक्कं समजाचं."

संध्याकाळी उकंडकाका स्वतःच अंगणात आले. काखेत सोयाबीनची पिशवी. ती वर्षाराणीच्या हातात देत, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "जायच्या आंधी एवढं तपासून दे. अन् माही भीड ठेवू नको."

तिनं पिशवी घेतली. "नाही ठेवत काका," ती म्हणाली, "पन बसा तं खरं."

सोजरबाईनं चहाचं आधण ठेवलं. दोन वर्षांनी उकंडकाका त्यांच्या ओसरीवर टेकले.