एकशे सात सेंटिमीटरचा मीटर

मी मोजणीचे चाक आहे आणि जुने आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मोठ्या आशेवर राहायला नको. व्याकरणात मी ‘ते चाक’, पण बोलायला लागलो की ‘तो’ होतो. मित्रांनो, एवढे चालवून घ्या. चाकाला शेवटी चालवूनच घ्यावे लागते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लेथवर काम करणाऱ्या कारागिराने मला गोल केले, रबरी टायर चढवला आणि पोलादी टेप माझ्याभोवती तीन वेळा गुंडाळून पाहिली. तिन्ही वेळा बरोबर शंभर सेंटिमीटर. म्हणजे माझा एक फेरा पुरा झाला की एक मीटर. मग त्याने मला कमरेइतका उंच दांडा दिला, आणि दांड्यावर पाच खिडक्यांची एक डबी बसवली. प्रत्येक फेऱ्याला डबीत ‘टक्’ असा आवाज होतो आणि खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. काम संपल्यावर कारागीर शेजारच्याला म्हणाला, “याला आता कुणी फसवू शकत नाही.” हे वाक्य मी फारच मनावर घेतले. पुढची कित्येक वर्षे मी त्याच तोऱ्यात फिरलो.

मी एका नियोजन कार्यालयात आलो. तिथे मला चालवायच्या त्या मोजणीबाई. उंच, सावकाश चालणाऱ्या, तोंडाने आकडे पुटपुटण्याची सवय असलेल्या. आम्ही दोघांनी रस्ते मोजले, गटारे मोजली, शाळेचे मैदान मोजले. एका ठेकेदाराने बाराशे मीटरचा रस्ता केल्याचे सांगितले होते. मी तो अकराशे चाळीसवर संपवला. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या दांड्यावर थाप मारली होती. ठेकेदार मात्र पुढे कधीही दिसला तरी माझ्याकडे डोळे वटारूनच बघायचा.

मग कार्यालयात उणिवांचा नकाशा आला. त्याचे सरकारी नाव ‘स्थानिक वंचितता निर्देशांक’ असे भारदस्त होते, पण ते साहेबांशिवाय कोणाला एका दमात म्हणता येत नसे. नकाशा काढणाऱ्या काकांनी त्याला ‘उणिवांचा नकाशा’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झाले. काम सोपे होते. भागात तीनशे वस्त्या. प्रत्येक वस्तीला विचारायचे: पाणी किती वेळ येते, किती जणांना काम आहे, किती मुले शाळा सोडतात, छप्पर कसले आहे, दवाखाना किती लांब आहे. प्रत्येक उणिवेला गुण. जितके गुण जास्त, तितका नकाशावर रंग गडद. सर्वांत गडद तीस वस्त्यांना प्रादेशिक निधी मिळणार, बाकीच्यांना नाही. मित्रांनो, इतर ठिकाणी जास्त गुण मिळाले की लोक पेढे वाटतात. इथे जास्त गुण म्हणजे जास्त हाल. तरीही प्रत्येक वस्तीला ते हवे होते.

त्यात दवाखान्याचे अंतर माझ्याकडे आले. पायवाटेने तीन किलोमीटरहून जास्त असेल तर दहा गुण, तीनच्या आत असेल तर चार. काकांना आधी वाटले होते की नकाशावर पट्टी ठेवली की झाले. मोजणीबाई म्हणाल्या, “काका, माणसं पट्टीवरून चालत नाहीत.” तेव्हापासून मी आणि त्या वस्ती-वस्तीतून फिरू लागलो.

आता माझ्या अंगातल्या एका छोट्या गोष्टीबद्दल सांगतो. माझ्या टायरला अगदी लागून एक पत्र्याची पट्टी होती. टायरला माती लागली की ती पट्टी खरवडून टाकायची. एकदा गाडीतून उतरवताना मी हातातून सुटलो आणि पट्टी मोडली. मोजणीबाईंनी भांडारातल्या अण्णांना नवी मागितली. अण्णा म्हणाले, “तेवढ्या पट्टीनं काय अडतंय? चाक फिरतंय ना?” खरे सांगतो, मलाही तसेच वाटले. पट्टीचे आणि माझे कधी पटलेच नव्हते. ती सारखी कानाशी करकर करायची.

आणि मग आम्ही कालव्याकाठच्या वस्तीत गेलो.

नकाशात ही वस्ती दवाखान्याच्या समोरच आहे. मधे फक्त एक निळी रेघ. ती रेघ म्हणजे कालवा, आणि कालव्यावरचा पूल दीड किलोमीटर पुढे. म्हणजे आधी बांधावरून पुलापर्यंत जायचे आणि मग पलीकडच्या काठाने तेवढेच मागे यायचे. पलीकडे डांबरी रस्ता आहे. अलीकडचा बांध मात्र कालव्याच्या पाझराने बारा महिने ओला असतो. माती अशी चिकट की चप्पल काढायला दोन्ही हात लागतात.

वस्तीच्या सुरुवातीलाच एका शिंपीणबाईंचे घर होते. दारात शिलाई मशीन, गळ्यात माप घ्यायची टेप. मशीनशेजारी खाटेवर त्यांचे सासरे बसलेले. त्यांच्या पायाला मधुमेहाची जखम होती आणि दर दिवसाआड दवाखान्यात नेऊन पट्टी बदलावी लागे. शिंपीणबाई त्यांना हातगाडीवर बसवून नेत. दोन महिन्यांपूर्वी तीन दिवस गाडी चिखलातून निघालीच नाही, आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी अंगठा कापला.

“पुन्हा खाडा झाला तर पाऊल जाईल, असं सांगितलंय,” शिंपीणबाई म्हणाल्या. “ताई, इथं नुसती पट्टी बांधायची खोली झाली तरी पुरे. नीट मोजा हं.”

“आमचं चाक खोटं बोलत नाही,” मोजणीबाई म्हणाल्या.

सासरे खाटेवरून म्हणाले, “बोललं तरी चालेल, थोडं जास्त बोलू दे.”

सगळे हसले. मीही मनातल्या मनात छाती फुगवली. आम्ही निघालो. बांधावरून पूल, पुलावरून डांबरी रस्ता, दवाखान्याची पायरी. खिडकीत आकडा होता दोन हजार नऊशे एकसष्ट. मोजणीबाई बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. एकोणचाळीस मीटर कमी. पण आकडा तो आकडा. त्यांनी वहीत लिहिला आणि मला पुन्हा त्याच बांधावरून ओढत परत आणले, कारण गाडी वस्तीपाशी उभी होती. कार्यालयात अण्णांनी मला चिखलासकट खुंटीला अडकवले.

दवाखान्याचे चार गुण धरून वस्ती तेहतिसाव्या क्रमांकावर आली. नकाशावर तिला फिकट तपकिरी रंग मिळाला. कच्ची यादी बाहेरच्या फलकावर लागली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शिंपीणबाई कार्यालयात हजर झाल्या. टेप गळ्यातच होती, बहुधा काढायची राहिली असावी.

“ताई, मी चाळीस वेळा गेलेय त्या वाटेनं. माझी पावलं मला ठाऊक आहेत. तीन किलोमीटरच्या वर आहे ती वाट.”

“पावलांचं माप धरता येत नाही हो,” साहेब म्हणाले. “चाकानं मोजलंय.”

“मग चाक दाखवा.”

मोजणीबाईंनी मला खुंटीवरून काढून आणले. मी अगदी निवांत होतो, मला कसली भीती? शिंपीणबाईंनी माझ्या टायरवरून हात फिरवला. वाळलेल्या मातीचा बोटभर थर तसाच होता. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्याभोवती गुंडाळली, जशी गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती गुंडाळतात.

“एकशे सात.”

काकांनी चष्मा वर सरकवला आणि स्वतः पाहिले. एकशे सातच होते.

“स्वेटरवरून माप घेतल्यासारखं झालंय हे,” शिंपीणबाई म्हणाल्या. “आमचा चिखल खाऊन तुमचं चाक लठ्ठ झालं. एका फेऱ्यात एकशे सात चाललं आणि शंभरच सांगितले.”

मित्रांनो, त्या क्षणी मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले. वाट जितकी वाईट, तितका माझ्या अंगावर चिखल जास्त. चिखल जितका जास्त, तितकी वाट मी कमी मोजलेली. ज्यांची वाट खराब, त्यांचीच वाट मी छोटी करून सांगत होतो. आणि ऐटीत सांगत होतो. मला कोणी पुसत नाही म्हणून मी वर्षानुवर्षे कुरकुर केली होती. पण त्या आठवड्यात अण्णांनी मला पुसून ठेवले असते, तर पुरावाच उरला नसता.

मोजणीबाईंचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, “साहेब, मी आत्ता पुन्हा मोजून येते.”

“अहो बाई, यादी उद्या संध्याकाळी जायचीय. तीनशे वस्त्या आहेत. उद्या प्रत्येक जण टेप घेऊन दारात उभा राहील.”

“राहू द्या की,” मोजणीबाई म्हणाल्या. “चूक माझी आहे. मी चाकाकडे बघितलंच नाही, आकड्याकडे बघितलं.”

साहेबांनी नाइलाजाने मान हलवली. त्या दुपारी मोजणीबाईंनी मला आधी साबणाने धुतले आणि शिंपीणबाईंच्या टेपने मोजले. बरोबर शंभर. मग बांधावर दर वीस पावलांना थांबून त्या वाकायच्या आणि फडक्याने माझा टायर स्वच्छ करायच्या. एवढे लाड माझे जन्मात झाले नव्हते. शिंपीणबाई सोबत चालत होत्या आणि फडकी पुरवत होत्या, त्यांच्याकडे कापडाच्या तुकड्यांना काय तोटा? दवाखान्याच्या पायरीवर मी थांबलो तेव्हा खिडकीत तीन हजार एकशे अठरा होते. शिंपीणबाईंनी आकडा दोनदा मोठ्याने वाचला आणि पायरीवर बसून रडल्या.

दहा गुण मिळाले. वस्ती एकोणिसाव्या क्रमांकावर गेली, आणि काकांनी तिला गडद तपकिरी रंग भरला. आठ महिन्यांत वस्तीतल्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत पट्टी बांधणारी परिचारिका बसू लागली. सासऱ्यांचे पाऊल वाचले. ते काठी टेकत रोज त्या खोलीपर्यंत जातात, पट्टी नसली तरी जातात, गप्पा मारायला. ही बातमी ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

गोष्ट इथे संपली असती तर मला सांगायला बरे वाटले असते.

पण यादीत जागा तीसच होत्या. एक वस्ती वर आली तशी एक खाली गेली. तिसाव्या क्रमांकावरची वस्ती एकतिसावी झाली. तिथून कोणीही टेप घेऊन आले नाही. यादी गेल्यानंतर मोजणीबाईंनी जुनी वही उघडली आणि त्या वस्तीचे पान काढले. अंतर दोन हजार नऊशे चाळीस. शेजारी त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, ‘वाट ओली’.

त्या वही घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट नव्हते. त्यांनी पान वाचले, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, “यादी गेली हो बाई. आता पुढची तीन वर्षांनी.”

सुटीच्या दिवशी मोजणीबाई मला घेऊन त्या वस्तीत गेल्या. कोणी सांगितले नव्हते, गाडीही नव्हती. दर वीस पावलांना वाकत, पुसत आम्ही ती वाट मोजली. तीन हजार दोनशे सहा. वस्तीत एका न्हाव्याचे दुकान होते. त्याने बाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि काय मोजता म्हणून विचारले. बाईंनी सगळे खरे सांगितले. “आकडा चुकला, चूक माझी, दवाखान्याची खोली तुम्हाला मिळायला हवी होती, आता पुढची यादी तीन वर्षांनी.” आत त्याची बायको भिंतीला हात लावून हळूहळू उभी राहत होती. तिला आठवा महिना होता.

न्हाव्याने वस्तरा पुसला, मिटवला आणि हसला.

“तीन वर्षं ना? तोवर आमचं पोर चालायला लागेल. जाईल की स्वतःच्या पायानं दवाखान्यात.”

मोजणीबाईंनी माझा दांडा हातात घेतला. परतीच्या वाटेवर मी टक् टक् करत राहिलो आणि प्रत्येक फेऱ्याला मला लाज वाटत होती.

आता कार्यालयात उपग्रहावरून अंतर मोजणारे यंत्र आले आहे आणि मी भांडारात असतो. मोजणीबाईंनी वहीतून ‘वाट ओली’ लिहिलेली सगळी पाने काढली आहेत. ती सोळा आहेत. पुढच्या यादीसाठी दर सुटीला त्या मला खाली उतरवतात, आणि आत्तापर्यंत आमच्या पाच वाटा झाल्या. मित्रांनो, कोणाचे दुःख मोजायचे काम तुमच्या हाती आले, तर आकडा लिहिण्याआधी एकदा वाका आणि चाकाकडे बघा. अजून अकरा वाटा राहिल्या आहेत. बाईंच्या गुडघ्यांना आता वाकवत नाही. कोणी सोबत फडके घेऊन येता का?