न वाफवलेली मूठभर माती

सासूबाईंनी पाइनच्या रोपांचा ट्रे उंच उचलला, खालून पाहिलं आणि अशा ओरडल्या की सुनेच्या कडेवरचं बाळ दचकलं.

"बुरशी! माझ्या नर्सरीत बुरशी!"

ट्रेच्या तळाच्या भोकांतून कापसाच्या दोऱ्यासारखे पांढरे धागे डोकावत होते. सुनेला धाग्यांचं नवल नव्हतं, ते तिचेच होते. कधी ना कधी हे उघडं पडणार हे तिला ठाऊक होतं. फक्त आज नको होतं. उद्या डोंगरउतारावर झाडं लावणारे लोक रोपं बघायला येणार होते.

माती आधी पिंपात वाफवायची, मगच ट्रेमध्ये भरायची, हा इथला सासूबाईंचा कायदा. एका हंगामात कूज लागून सगळ्या रोपांनी माना टाकल्या, तेव्हापासूनचा. कूज गेली खरी, पण पाइनची रोपं पिवळी पडून वीतभरावर अडून बसली. खत घाला, पाणी घाला, ढिम्म. सून मातीचंच शास्त्र शिकून आली होती. तिने सांगून पाहिलं, "बरं बरं" ऐकून घेतलं, आणि मग एका दुपारी कुंपणामागच्या जुन्या पाइनखालची माती बादलीभर आणून मागच्या तीन ओळींत विरजण लावावं तशी थोडी थोडी मिसळली. कुणालाही न विचारता. तेव्हापासून रोज उठल्यावर आधी बाळाच्या कपाळाला हात लावून बघायचं आणि मग त्या तीन ओळींकडे धावायचं. जिवाला घोर दोन्हीकडे सारखाच.

"औषधाचा पंप भर," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता मुळाशी ओतू. एक धागा शिल्लक राहता कामा नये."

"नाही ओतायचं, आई."

सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला. या घरात 'नाही' हा शब्द बहुधा त्यांच्याच मालकीचा होता.

"काय म्हणालीस?"

"ही बुरशी मीच आणलीय. ही कूज नाही. हे धागे मुळांपेक्षा बारीक. मूळ पोचत नाही तिथे ते पोचतात, पाणी आणि स्फुरद रोपापर्यंत आणतात. बदल्यात रोप त्यांना साखर देतं."

"अगं बाई! म्हणजे मी भाडेकरू ठेवलेत आणि मलाच पत्ता नाही!"

"त्यांचेही पोटभाडेकरू आहेत. धाग्यांवर जिवाणू राहतात. मातीला घट्ट चिकटून बसलेलं स्फुरद ते सुटं करतात, बुरशीला मुळाशी जोडून घ्यायलाही मदत करतात. आपण वाफवतो तेव्हा सगळ्यांचाच संसार उठतो."

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "वा, प्रोफेसरीणबाई! घरी बाटलीचं टोपणसुद्धा पुन्हा पुन्हा उकळतेस. मी नातवंडाचा पापा घ्यायला गेले की मला साबण दाखवतेस. आणि इथे जंतू पोसतेस?"

हे मात्र वर्मी लागलं, कारण खरंच होतं. सुनेने कडेवरचं बाळ सावरलं, पण ती जागची हलली नाही.

"बाटली उकळते, आई. बाळाला नाही उकळत."

सासूबाईंनी पंप स्वतःच भरला, पाठीला लावला आणि निघाल्या. सून मागच्या ओळींच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"ओता. पण आधी एक रोप इथलं काढा, एक पुढचं. तुमच्याच हाताने. मग मी बाजूला होते."

"थेरं नुसती!" असं म्हणाल्या खऱ्या, पण नर्सरीत जन्म गेलेल्या बाईला रोप काढून बघ म्हटल्यावर राहवतंय थोडंच!

पुढचं पिवळं रोप निघालं तशी माती भुरभुर गळाली आणि हातात राहिल्या चार उघड्या मुळ्या. मागचं रोप मात्र मातीच्या अख्ख्या गड्ड्यासकट बाहेर आलं. त्यांनी गड्डा झटकला, तो सुटेना. बोटाने कोरला. आत मुळांची टोकं आखूड, जाडसर, दुभंगलेली आणि पांढऱ्या जाळीत गुंडाळलेली. त्यांनी तो नाकाशी धरला. सडका वास त्यांना झोपेतही कळला असता. तो नव्हता. एक मूळ नखाने तोडलं, आतून स्वच्छ निघालं.

"उद्या त्या लोकांनी हे धागे बघून नाक मुरडलं तर?"

"मी बोलेन त्यांच्याशी."

"आणि तरी परत गेले तर?"

"जाऊ देत. यांना मारून मी ट्रे चकाचक करणार नाही."

तेवढ्यात बाळाने वाकून गड्ड्यावर मूठ मारली. सुनेचा हात सवयीने रुमालाकडे गेला. मूठ तोंडात जाऊ नये म्हणून तिने ती धरून ठेवली, पण पुसली नाही.

सासूबाईंनी ते पाहिलं. मग पंप पाठीवरून उतरवून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. "इथे असू दे. बाळाच्या हाताला लागेल," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

सुनेने साबणाचं नावही न काढता बाळ त्यांच्या हातात दिलं आणि बादली उचलली.

"आता कुठे निघालीस?"

"पुढच्या ओळींसाठी माती आणायला."

"मी अजून हो म्हटलेलं नाही हं!"

"मी विचारलंय कुठे?" सून म्हणाली, आणि तिने कुंपणाचं फाटक ढकललं.